पुस्तकाआडचे दहा शब्द

पहिलीच्या बाईंचा यंत्रांवर राग होता, असं कुणी सांगितलं तर खुशाल त्याला खोटारडा म्हणा. बाईंच्या घरी मिक्सर होता, कपडे धुवायचं मशीन होतं, आणि फोनवर त्या बहिणीशी तासन् तास बोलायच्या. राग होता तो वर्गात घुसलेल्या टॅबवर. तो मात्र असा, की नुसतं नाव काढलं तरी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकतीस वर्षं बाई पहिलीलाच शिकवत होत्या. चौथी घ्या, पाचवी घ्या, असं शाळेच्या मुख्याध्यापिकेनं, म्हणजे हेडबाईंनी, त्यांना कितीदा तरी सुचवलं. बाई ऐकतील तर शपथ! "वाचता येणाऱ्या पोराला कुणीही शिकवेल. त्याला वाचायला कोण शिकवणार?" असं म्हणून त्या पुन्हा जूनला त्याच खोलीत, त्याच बुटक्या बाकांमध्ये हजर. बत्तीस पोरं, कुणाची नाडी सुटलेली, कुणाचं नाक वाहतंय, कुणाला आई हवीय, आणि मधोमध बाईंचा आवाज. तो आवाज असा खणखणीत होता, की मैदानापलीकडच्या फाटकावर उभ्या शिपायालाही पहिलीत आज कुठला धडा चाललाय ते कळायचं. शिक्षकखोलीत त्यांच्या मागे त्यांना 'भोंगा' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. पोरांनाही ठाऊक होतं. तोंडावर म्हणायची छाती मात्र कुणाची नव्हती.

बाईंचा खरा अभिमान म्हणजे श्रुतलेखन. सोमवारी आणि गुरुवारी, पहिल्याच तासाला, दहा शब्द. बाई फळ्यापाशी ताठ उभ्या राहायच्या, वाचनाचं पुस्तक उघडून नाकापर्यंत वर धरायच्या आणि त्याच्या आडून शब्द सांगायच्या. प्रत्येक शब्द दोनदा, तिसऱ्यांदा नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक निळी नाव होती. त्या दहा शब्दांपुरतं वर्गाला बाईंचं तोंड दिसायचं नाही, फक्त ती नाव आणि नावेवरचे दोन करडे डोळे.

हे पुस्तक धरणं त्यांना त्यांच्या स्वतःच्या बाईंनी शिकवलं होतं. पोरं लबाड असतात, बोलणाऱ्याचे ओठ मिटले की उघडले ते बघून अंदाजपंचे अक्षर ठोकून देतात. "कान दिलेत ना? मग कानांनी लिहा," बाई म्हणायच्या. "ओठ बघून लिहिणारं पोर जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतं." बाकी कुठल्याच शाळेत कुणी असं करत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं असतं, तरी त्यांनी "म्हणूनच त्यांच्या पोरांना लिहिता येत नाही" असंच उत्तर दिलं असतं.

तर अशा या वर्गात एक दिवस बत्तीस टॅब, बत्तीस हेडफोन आणि एक लोखंडी कपाट येऊन दाखल झालं. सोबत एक तरुण साहेब आला. गळ्यात ओळखपत्राची लाल फीत, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि ओठांवर सारखं हसू. त्याचं नाव बाईंनी विचारलंही नाही. त्या त्याला फीतवाला म्हणायच्या, आणि आठवडाभरात सगळी शाळा त्याला फीतवालाच म्हणू लागली.

"बाई, आता तुमचं ओझं निम्मं होणार," फीतवाला पहिल्याच दिवशी म्हणाला.

"मी कधी म्हटलं मला ओझं झालंय म्हणून?" बाई म्हणाल्या.

टॅबमध्ये एक हिरवा पोपट होता. तो कानात शब्द सांगायचा, पोरांनी बोटानं अक्षरं उचलून तो शब्द जुळवायचा. बरोबर आला की पोपट "शाब्बास!" म्हणायचा आणि खालून फुगे वर जायचे. चुकला तरी "छान प्रयत्न!" म्हणायचा, म्हणजे चुकणाऱ्याला काय वाटावं? रोज पाऊण तास पोपटासाठी राखून ठेवायचा, असा हेडबाईंचा हुकूम सुटला. बाईंनी तो पाळला, पण कसा? दात ओठ खात. तो पाऊण तास त्या खिडकीपाशी हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. बत्तीस पोरं मान खाली घालून बसलेली, वर्गात चिडीचूप. तिकडे फीतवाला खूश, "बघा, किती रमलीत!" आणि इकडे बाईंना वाटायचं, ही माझी पोरं नव्हेत, कुणीतरी बदलून ठेवलीत.

एकदा एका पोराला त्यांनी सात आणि दोन किती ते विचारलं. त्यानं नऊ म्हटलं आणि तसाच त्यांच्याकडे बघत बसला.

"काय रे, काय हवंय?"

"फुगे कुठायत?" त्यानं विचारलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. त्या दिवशी शिक्षकखोलीत त्यांनी जे तोंड सोडलं, ते इथे लिहिण्याजोगं नाही. हेडफोन मात्र त्यांनी कधी स्वतःच्या कानाला लावला नाही. "त्या पोपटाचं एक अक्षर मी ऐकणार नाही," असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, आणि बाईंनी एकदा कानाला खडा लावला की लावला.

आता खारूताईबद्दल सांगायला हवं. ही तिसऱ्या बाकावर बसणारी एक बारकुंडी पोरगी. पेन्सिलीचं मागचं टोक सतत कुरतडायची, म्हणून पोरांनी तिला खारूताई नाव ठेवलेलं. तिचं पहिलीतलं हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी सगळ्या श्रुतलेखनांत मिळून तिचे सातसुद्धा शब्द बरोबर आले नव्हते. कविता म्हणायला उभं केलं की हिचे ओठ बाकीच्यांच्या मागून हलायचे. हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला वर बघायची, तीही शेजारणीनं कोपर मारल्यावर. बाईंनी तिच्या डायरीत किती शेरे लिहिले असतील त्याला गणती नाही. 'लक्ष देत नाही.' 'स्वप्नात असते.' 'घरी अभ्यास घ्यावा.' लाल शाई, ठसठशीत अक्षर.

तिची आई पत्र्याचे डबे बनवण्याच्या कारखान्यात होती. तिथे दिवसभर पत्रा ठोकायचं काम, त्यामुळे तिथली सगळी माणसं एकमेकांच्या समोर येऊन, खांद्याला हात लावून, ओरडून बोलायची. आई घरीही तशीच बोलायची, बापही तसाच, तोही त्याच कारखान्यातला. बाईंना भेटायला आली की शाळेच्या आवारात तिचा आवाज दुमदुमायचा. "बाई, सांभाळून घ्या हो माझ्या पोरीला!" आणि बाईंच्या मनात यायचं, एवढ्या आवाजाच्या घरात असली मुखदुर्बळ पोरगी कशी निपजली!

शाळेचा नियम असा होता, की पहिलीत दोनदा नापास झालेल्या पोराला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मागे पडलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळेत घालायचं. तिथे एकदा गेलेलं पोर परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. खारूताईची आई त्या शाळेचं नाव निघालं तरी गारठायची. यंदाचं वर्ष संपत आलं होतं आणि खारूताईच्या श्रुतलेखनाच्या वहीत भोपळ्यांचा मळा फुलला होता.

आणि एका सोमवारी फीतवाला नाचत नाचत वर्गात आला. दर सोमवारी त्याच्याकडे टॅबचा तक्ता यायचा. कोण हिरव्यात, कोण पिवळ्यात, कोण लालमध्ये, कोण कुठे अडखळलं, कोण किती सेकंद थांबलं, सगळं त्यात.

"बाई, तुमच्या वर्गात 'ऐका आणि जुळवा'मध्ये पहिलं कोण आहे सांगा बघू?"

"मला काय करायचंय?"

"खारूताई! शंभरातले चौऱ्याण्णव. तीन महिने सलग हिरव्यात. ही मुलगी नापास कशी काय हो?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हा कालचा पोरगा, याला एका पोराची नाडी बांधता येत नाही, आणि हा त्यांना विचारतो नापास कशी काय!

"तुमचा पोपट तिला उत्तरं सांगत असेल. दहा वेळा बोट मारलं की एकदा लागतंच बरोबर."

"नाही बाई. पहिल्याच प्रयत्नात बरोबर येतंय. तक्ता खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

फीतवाल्यानं आवाज खाली आणला. "तसं नाही. पण एखाद्या मुलाबद्दल मनात अढी बसू शकते. कुणाच्याही."

झालं! बाई तडक हेडबाईंच्या खोलीत. तिथे अर्धा तास जो कल्ला झाला, तो भोंग्याच्या लौकिकाला साजेसा होता. शेवटी हेडबाईंनी हात टेकले आणि निकाल दिला. गुरुवारी सगळ्यांसमोर खारूताईचं श्रुतलेखन घ्यायचं. हेडबाई बसतील, फीतवाला बसेल, मुलीची आई येईल. शब्द बरोबर आले तर मुलगी दुसरीत जाईल आणि बाईंनी पुढच्या वर्षी गुपचूप टॅबवर शिकवायचं. शब्द आले नाहीत तर त्याच दिवशी त्या वेगळ्या शाळेचा अर्ज भरायचा, आणि पोपटाचा पाऊण तास बंद.

"चालेल," बाई म्हणाल्या. त्यांना मनातून उकळ्या फुटत होत्या.

बुधवारी मधल्या सुट्टीत त्या वर्गाच्या खिडकीत उभ्या होत्या. खाली पायऱ्यांवर पाच-सहा पोरी शाळा-शाळा खेळत होत्या. आज बाई व्हायची पाळी खारूताईची होती. ती वरच्या पायरीवर ताठ उभी राहिली, पुस्तक उघडून नाकापर्यंत धरलं आणि त्याच्या आडून जोरात म्हणाली, "ओंऽऽ ओंऽऽ. ओंऽऽ ओंऽऽ."

पोरी खिदळल्या. "अगं शब्द सांग ना!"

खारूताईनं पुस्तक खाली घेतलं, त्यांच्याकडे गोंधळून बघितलं, परत पुस्तक वर धरलं आणि परत म्हणाली, "ओंऽऽ ओंऽऽ."

बाई खिडकीत लालबुंद झाल्या. भोंगा! ही एवढीशी चिमुरडी भर पायऱ्यांवर त्यांची नक्कल करतेय, भोंगा वाजवून दाखवतेय! मुखदुर्बळ कसली, चांगली आतल्या गाठीची आहे. त्यांनी तिला वर बोलावलं, समोर उभं केलं आणि चांगली फैलावर घेतली. "लाज नाही वाटत? अभ्यासात शून्य आणि नकला करायला पुढे! उद्या बघते तुला!" खारूताई त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं नजर काढली नाही. बाईंना तोही उद्धटपणाच वाटला.

गुरुवारी हेडबाई आणि फीतवाला त्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. आई कारखान्यातून तशीच आली होती, हातमोजे पदराला बांधलेले, दारापाशी भिंतीला टेकून उभी. खारूताईला पहिल्या बाकावर एकटीला बसवलं, म्हणजे शेजारचं बघायला नको. बाईंनी पुस्तक उघडलं आणि नाकापर्यंत धरलं.

"एक. खिडकी. खिडकी."

खारूताईनं वहीत एकचा आकडा काढला आणि वर बघितलं. ती निळ्या नावेकडे बघत होती.

"दोन. चमचा. चमचा."

तिनं दोनचा आकडा काढला. पेन्सिल तोंडात गेली. मग तिनं मागे वळून बाकीच्या पोरांच्या तोंडांकडे बघितलं, पण बोलायची बंदी होती, सगळी तोंडं मिटलेली.

"पुढे बघ!" बाई कडाडल्या. "तीन. टोपी. टोपी."

दाराशी आईनं हात जोडले होते. कुणासाठी ते तिलाच ठाऊक. ढग, दोरी, सायकल, बटाटा, एकामागून एक शब्द येत गेले. दहाव्या शब्दानंतर बाईंनी वही उचलली आणि सगळ्यांसमोर उघडून धरली. एक ते दहा आकडे, एकाखाली एक, मोत्यांसारखे. पुढे काही नाही.

"घ्या तुमचे चौऱ्याण्णव," बाई म्हणाल्या.

फीतवाल्याचं हसू पहिल्यांदाच गेलं. "दडपण आलं असेल तिला…" तो पुटपुटला. हेडबाईंनी एक सुस्कारा सोडला आणि आईला आपल्या खोलीत यायला सांगितलं. आई त्यांच्या मागून गेली, जाताना वळून वळून पोरीकडे बघत. अर्जावर वर्गशिक्षिकेची सही लागायची. ती बाईंनी सकाळीच करून ठेवली होती.

पोरं खेळाच्या तासाला गेली. फीतवालाही हेडबाईंच्या मागे गेला. खारूताईला तेवढं आईची वाट बघायला वर्गात ठेवलं होतं. ती तिसऱ्या बाकावर, तिच्या रोजच्या जागी, जाऊन बसली होती आणि करायला काही नव्हतं म्हणून तिनं टॅब काढला होता. बाई आपल्या टेबलाशी कागद आवरत होत्या. जिंकल्या होत्या ना! घरी जाऊन बहिणीला फोन करायचा, सगळं साग्रसंगीत सांगायचं, असं त्यांच्या मनात चाललं होतं.

"शाब्बास!"

बाईंनी वर बघितलं. पोपट बोलला होता. हेडफोन पोरीच्या कानाला होता, तरी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू आलं होतं. शेजारची पोरगी नेहमी तक्रार करायची, बाई, हिचा पोपट आम्हाला ऐकू येतो. बाई रोज येऊन टॅबचा आवाज खाली आणायच्या, आणि ही रोज तो शेवटच्या रेघेपर्यंत चढवायची. बाईंच्या लेखी हा निव्वळ हट्टीपणा.

"खारूताई, आवाज कमी कर."

पोरगी हलली नाही.

"अगं ए! तुला सांगतेय!"

काही नाही. बाई तणतणत उठल्या, तिच्यापाशी गेल्या आणि हेडफोन तिच्या डोक्यावरून काढून घेतला. आणि मग, कानाला खडा लावलेल्या बाईंनी, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं, तो स्वतःच्या कानाला लावला.

"कमळ!" पोपट किंचाळला.

बाईंनी हेडफोन हिसडून फेकला. कानात सणक गेली होती, डोकं बधिर झालं होतं. एवढ्या आवाजात ही पोरगी रोज पाऊण तास बसते? आणि कानावर हातही नेत नाही?

बाई बाकावर, पोरीच्या समोर, टेकल्या. पायऱ्यांवरचं सगळं त्यांना आठवलं. ओंऽऽ ओंऽऽ. पोरी हसल्यावर ही गोंधळून बघत होती, चेष्टा करणारं पोर असं बघत नाही.

"खारूताई," त्या तिच्याकडे बघून म्हणाल्या, "मी श्रुतलेखन कसं सांगते? करून दाखव."

पोरगी घाबरली.

"मी नाही रागावणार. दाखव."

खारूताईनं बाकावरचं पुस्तक घेतलं, नाकापर्यंत धरलं. "ओंऽऽ ओंऽऽ," ती म्हणाली. मग पुस्तक खाली घेऊन तिनं हळूच विचारलं, "बाई, बाकीच्यांना कसं ओळखता येतं?"

या पोरीला दोन वर्षं वाटत होतं, की पुस्तकाआडून सगळ्यांनाच असं ऐकू येतं. बाकीची हुशार आहेत म्हणून ओळखतात, आपण मठ्ठ म्हणून आपल्याला जमत नाही. एकतीस वर्षं! कुणाला खोकला होणार ते दोन दिवस आधी कळतं म्हणून मिरवणाऱ्या बाईंना एवढं कळलं नव्हतं.

त्यांनी पुस्तक बाकावर उपडं ठेवलं. "खिडकी," त्या तोंड समोर ठेवून म्हणाल्या.

पोरगी त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिनं पेन्सिल उचलली आणि एकच्या आकड्यापुढे लिहिलं, खिडकी.

"चमचा."

चमचा. तिसऱ्या शब्दाला बाई थांबल्या नाहीत. त्यांनी ती वही उचलली, पोरीचा हात धरला आणि निघाल्या.

हेडबाईंच्या खोलीत आई अर्जावर अंगठ्यानं कागद दाबून अक्षर अक्षर सही करत होती. बाईंनी तिच्या हाताखालचा कागद ओढून घेतला आणि फाडला. एकदा, दोनदा, चारदा.

"अहो, हे काय?" हेडबाई उभ्याच राहिल्या.

"हिला कमी ऐकू येतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आला होता, की हेडबाईंना पुन्हा विचारावं लागलं. "समोर तोंड दिसलं तर हिला कळतं. श्रुतलेखनाला मी तोंड झाकते. चूक माझी आहे. तिची नाही, तिच्या घरच्यांची नाही. डॉक्टरकडे न्यायला हवं, उद्याच."

आई खुर्चीवरून उठली. कुणाला वाटेल, ती रडेल, बाईंचे आभार मानेल. छे! ती बाईंच्या समोर येऊन उभी राहिली, कारखान्यात उभी राहते तशी, अगदी तोंडासमोर.

"दोन वर्षं," ती म्हणाली. ओरडून नाही म्हणाली, म्हणून जास्त लागलं. "दोन वर्षं तुम्ही लाल शाईनं लिहून पाठवलंत, लक्ष देत नाही, लक्ष देत नाही. मी घरी आल्यावर मारलंय हिला. तुमच्या त्या शेऱ्यांवरून. कारखान्यातनं थकून यायचे आणि डायरी बघून पोरीला मारायचे. ते मी आता कुठं फाडू, बाई?"

एरवी असल्या वेळी आवाजानं भागवायची बाईंना सवय होती, ते त्यांनी केलं नाही.

तेवढ्यात फीतवाल्याला हसू परत सापडलं. "म्हणजे बघा, आमच्या टॅबमुळेच हे उघडकीला आलं! मी अहवालात…"

"तोंड आवरा!" भोंगा वाजला, आणि बाहेरच्या शिपायानं दचकून आत बघितलं. "तुमच्या तक्त्यात सगळं येतं ना? कुठे अडखळली, किती सेकंद थांबली, किती बोटं मारली? तीन महिने हिच्या टॅबचा आवाज शेवटच्या रेघेला आहे. हे आलं का तक्त्यात?"

फीतवाला फीत चाचपू लागला. "ते… ते आम्ही मोजत नाही."

"मी पण मोजलं नाही. उलट रोज कमी करत होते. तुमच्या पोपटाला ती चौऱ्याण्णव होती, मला शून्य होती, आणि पोरगी काय आहे ते दोघांनाही बघायचं नव्हतं. अहवालात लिहायचंच तर हे लिहा."

हेडबाईंनी काहीतरी समजुतीचं बोलायला घेतलं, पण आईनं ऐकून घेतलं नाही. तिनं पोरीचा हात बाईंच्या हातातून सोडवून घेतला आणि दोघी निघून गेल्या.

तपासणीत जे निघायचं तेच निघालं. वेगळ्या शाळेच्या अर्जाचं नाव हेडबाईंनी पुन्हा काढलं नाही. दोन्ही कानांना यंत्रं लागणार होती, ती यायला महिना होता. टॅबचा पाऊण तास चालू राहिला, कारण आता तो बंद करायला बाईंचंच तोंड उरलं नव्हतं. फीतवाल्याशी त्या अजूनही धड बोलत नाहीत. आई सकाळी पोरीला फाटकापर्यंत सोडते, बाई दिसल्या की मान फिरवते. बाईही तिला थांबवायला जात नाहीत.

पुढच्या सोमवारी पहिल्या तासाला बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या. पुस्तक टेबलावर पडलं होतं. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना, शेवटी त्यांनी ते पाठीमागे बांधले. पोरं एकमेकांना कोपरं मारू लागली, कारण श्रुतलेखनाला बाईंचं तोंड त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं. खारूताई पहिल्या बाकावर होती.

बाईंनी सावकाश एकेक शब्द सांगितला. सहाव्या शब्दानंतर त्यांना राहवेना. त्या वाकल्या आणि तिच्या वहीत डोकावल्या. सहापैकी चार बरोबर होते, दोन चुकले होते, आणि पोरगी अशी बसली होती की जणू दुसरीत पोहोचलीच.

"आता कळतं ना गं, मी काय बोलते ते?" बाईंनी विचारलं.

"हो," खारूताई म्हणाली. मग बाईंना बरं वाटावं म्हणून तिनं स्वतःहून पुढचं सांगितलं. "तुम्ही रागवायच्या ना, ते पण सगळं कळायचं. तेव्हा पुस्तक खाली असायचं."

एवढं सांगून तिनं सातचा आकडा काढला आणि पेन्सिल चावत, बाईंच्या तोंडाकडे बघत, ती पुढच्या शब्दाची वाट बघू लागली.